पंधरा दिवसांच्या रजेनं हा थकवा का गेला नाही

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही ३८ वर्षांच्या, सरकारी बँकेत अधिकारी. पुण्यात ११ वर्षं बॅक ऑफिसला कर्जाच्या फायली तपासल्यात आणि त्या कामात तुमचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मुलीचं ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं, पाठोपाठ तुमचंही. मग बढती मिळाली आणि बदली झाली तालुक्याच्या शाखेत, थेट काउंटरवर. आज आठ महिन्यांनी अवस्था अशी, की संध्याकाळी घरी आल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, कुकरच्या शिट्टीनं रडू येतं, आणि इतकी वर्षं चालवलेली स्कूटर चौकात आली की पुढं काय करायचं ते सुचत नाही. डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या आहेत. सासूबाई म्हणतात, 'नोकऱ्या काय आम्ही केल्या नाहीत?' मध्यंतरी १५ दिवस रजा घेतलीत, त्यातले नऊ दिवस गावी दिराच्या लग्नात गेले, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच दुपारी तुम्ही बाथरूमचं दार लावून बसलात. तुम्ही विचारता: हा आळस आहे का, नोकरी सोडू का, आणि ऑफिसात सांगू का.

आळस नाही. याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात. हा शब्द डॉक्टरांच्या आधी ऑटिस्टिक माणसांनीच एकमेकांशी बोलताना वापरात आणला. अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या डोरा रेमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. रेमेकर स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी ऑटिस्टिक प्रौढांच्या मुलाखती आणि त्यांचं इंटरनेटवरचं लेखन तपासून तीन खुणा मांडल्या: महिनोन्‌महिने, साधारण तीन महिने किंवा जास्त टिकणारा सर्वांगीण थकवा, आधी येत असलेली कामं न जमणं, आणि आवाज-उजेड-स्पर्श सहन करण्याची ताकद घटणं. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. शब्द न फुटणं आणि स्कूटर न सुचणं ही दुसरी खूण, कुकर ही तिसरी. डॉक्टरांच्या अधिकृत याद्यांत हे वेगळं निदान म्हणून अजून नाही. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांच्या कागदावर हा शब्द नसेल, त्यात त्यांची चूक नाही.

आता हे झालं कशानं. आपल्याकडे एक फार नेमका शब्द आहे, उसनं अवसान. ऑटिस्टिक माणूस चारचौघांत 'नॉर्मल' दिसण्यासाठी जे करतो, त्याला इंग्रजीत मास्किंग म्हणतात, पण मला उसनं अवसान जास्त खरं वाटतं, कारण उसनं घेतलेलं फेडावं लागतं. नजर किती वेळ मिळवायची, हसायचं केव्हा, समोरचा 'बघू' म्हणाला म्हणजे हो की नाही, हात कुठं ठेवायचे, हे सगळं तुम्ही डोक्यात हिशेब करून करता. इतरांच्या बाबतीत ते आपोआप होतं.

तुमच्याच वर्णनावरून एक सकाळ डोळ्यांपुढे आणते. महिन्याची ३ तारीख, पेन्शनची गर्दी. समोर रांगेत चौदा माणसं आणि रांग सोडून काचेवर बोट वाजवणारी आणखी चार. डावीकडे नोटा मोजायचं मशीन फरफरतंय, उजवीकडे पासबुक प्रिंटर करकरतोय. एक आजी अंगठा लावतायत, तो मशीनवर उमटत नाही, त्या पुन्हा पुन्हा पदराला बोट पुसतायत. लाडकी बहीणचे पैसे आले का म्हणून तिघीजणी एकदम विचारतायत. मागून मॅनेजर साहेब 'मॅडम, आज दोन पॉलिसी तरी बघा' म्हणून पुढे जातात. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा मेंदू यातलं बरंचसं परस्पर गाळून टाकतो. तुमचा गाळत नाही. प्रिंटरची करकर आणि आजींचं बोलणं तुमच्यापर्यंत एकाच जोरानं पोचतं. ऑटिझमच्या निदानात संवेदनांची ही तीव्रता २०१३ मध्ये डीएसएमच्या, म्हणजे मानसोपचारात निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तिकेच्या, पाचव्या आवृत्तीपासून अधिकृत निकष आहे, ती तुमची नाजूकपणाची सवय नव्हे. वर त्या आजींशी गोड बोलायचं, आणि तुम्ही ते मनापासून बोलता, असं तुम्ही लिहिलंय. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. 'स्वमग्न' या शब्दामुळे लोकांना वाटतं की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं सोयरसुतक नसतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा त्रास उलटा आहे: दुसऱ्याचं सगळं आत शिरतं आणि बाहेर टाकायला वाट नसते.

पुण्याच्या बॅक ऑफिसमध्येही हा खर्च होता, पण रोजच्या रोज फिटत होता. ठरलेलं टेबल, ठरलेली फाईल, कागदावरचं काम. बढतीनं तुमची बुद्धी कमी केली नाही. तिनं तुमच्या दिवसाचा खर्च तिप्पट केला आणि जमेची बाजू काढून घेतली.

डिप्रेशनबद्दल बोलायला हवं, कारण इथं मी स्वतः चुकले आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण माझ्याकडे यायचा. ऑटिस्टिक आहे हे मला माहीत होतं, पण त्याची उदासी बघून मी डिप्रेशनमध्ये जे देतात तेच दिलं: दिवसाचं वेळापत्रक, रोज एका मित्राला फोन, रविवारी ट्रेकिंगचा ग्रुप, 'घरी बसून राहू नकोस'. त्यानं सगळं इमानदारीनं पाळलं. तीन आठवड्यांनी तो माझ्यासमोर बसला आणि त्याला बोलताच येईना, मोबाइलवर टाइप करून दाखवलं, 'मॅडम, मी सगळं केलं'. ते वाक्य मी विसरलेले नाही. ज्याचं कर्ज थकलंय त्याला मी आणखी खर्च करायला सांगत होते.

तेव्हापासून मी एक गोष्ट आवर्जून विचारते: आवडीच्या गोष्टीची इच्छा उरली आहे का? डिप्रेशनमध्ये बहुतेक वेळा इच्छाच आटते. बर्नआउटमध्ये इच्छा असते, ताकद नसते. तुम्ही लिहिलंय की लोकरीच्या शालीचा पॅटर्न उशाशी उघडा पडलाय, रोज वाटतं विणावं, पण तिसऱ्या ओळीला टाके मोजताना हिशेब चुकतो. हे मला बर्नआउटच्या बाजूचं वाटतं. तरी दोन्ही एकत्र असू शकतात आणि पुष्कळदा असतात, म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका. डॉक्टरांना बर्नआउटबद्दल सांगा, आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. या वयाच्या किती बायका ॲनिमिया अंगावर काढत असतात, ते मी रोज बघते. आणि स्पष्ट विचारते: जगू नये असं वाटतं का? ऑटिस्टिक प्रौढांत हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून मी कुणालाच हा प्रश्न टाळत नाही. तसं वाटत असेल तर नवऱ्याला आजच सांगा आणि टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आता रजा. पंधरा दिवसांतले नऊ लग्नघरात गेले: डीजे, पाहुणे, हळद, प्रत्येकाला 'ओळखलंस का?'. ती रजा नव्हती, ओव्हरटाइम होता. पण समजा, पंधराही दिवस अंधाऱ्या खोलीत शांत झोपला असतात, तरी सोळाव्या दिवशी तोच काउंटर होता. झालेला थकवा विश्रांतीनं थोडा भरतो. रोजचा खर्च विश्रांतीनं कमी होत नाही, तो काम बदलल्यावर कमी होतो. मला सगळ्यात ठामपणे हेच सांगायचं आहे, आणि म्हणूनच 'नोकरी सोडू का' याला माझं उत्तर आज 'नको' असं आहे. अशा अवस्थेत मोठे निर्णय घेऊ नयेत हे एक कारण. दुसरं, ११ वर्षं तुम्ही हीच नोकरी उत्तम केलीत. बिघडलं ते टेबल.

रजेचं आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं संवेदनशील जागांवरच्या बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून सलग किमान १० कामकाजाचे दिवस अनिवार्य रजा असते आणि ती आधी न सांगता दिली जाते. अचानकपणा तुम्हाला सोसत नाही, म्हणून त्या दहा दिवसांचा कागद आत्ताच तयार ठेवा: कुठल्या खोलीत राहायचं, जेवण कुणाकडून, कोणाला भेटायचं नाही. त्यात लग्न बसवू नका.

काम बदलायचं म्हणजे नेमकं काय बदलायचं, ते अंदाजानं ठरवू नका. एक शंभर पानी वही घ्या. दोन आठवडे, दर तासाला एकच ओळ: काय करत होते, आणि त्यानंतर किती दमले, शून्य ते पाच. भावना लिहायची नाही, ऑटिस्टिक माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांना स्वतःची भावना ओळखून नाव देणं अवघड जातं. शरीराचं लिहा: जबडा आवळलाय, पाणी प्यायले नाही, लघवीला गेले नाही. भूक-तहान कळायला उशीर होत असेल तर घड्याळावर खा, पोटावर विसंबू नका.

एका ड्राफ्ट्समनची वही मला आठवते. त्याची खात्री होती की त्याला बॉसचं बोलणं संपवतं. वहीत भलतंच निघालं. बॉसशी बोलल्यावर दोन, तीन. पाच, पाच, पाच यायचे ते दुपारी अडीच ते चार, जेव्हा तो एकटाच ड्रॉइंग काढत असायचा, म्हणजे त्याच्या सगळ्यात आवडीच्या कामात. आम्ही दोघं त्या पानांकडे बघत बसलो. मग तो म्हणाला, दुपारी एसी बंद करून पंखा लावतात. डोक्यावरचा पंखा डुगडुगत होता आणि दर फेरीला खट्ट वाजत होता. त्याचं टेबल सहा-सात फूट सरकवलं, पंखा दुरुस्त केला. महिन्याभरात त्या तासांचे आकडे दोनवर आले. बॉस तोच राहिला.

तुमच्या वहीत काय निघेल ते मला इथून सांगता येणार नाही, पण शाखेत काय मागता येतं ते सांगते. गर्दीच्या दिवसांत, म्हणजे निदान १ ते ७ तारखेला, काउंटरऐवजी कर्ज, केवायसीच्या फायली, थकबाकीचं काम. प्रिंटर आणि नोटांच्या मशीनपासून लांबचं टेबल, भिंतीकडे पाठ, म्हणजे मागून कुणी येणार नाही. उद्या कुठल्या टेबलावर बसायचं ते आदल्या संध्याकाळी कळणं. तोंडी सूचना चालता चालता न देता मेल किंवा व्हॉट्सॲपवर. दिवसातून दोनदा दहा मिनिटं रेकॉर्ड रूममध्ये. कस्टमर मीट आणि कर्ज मेळाव्यातून सहा महिने सुटका. कानात इअरप्लग. यातली बहुतेक सगळी फुकट आहेत. एकदम सात मागू नका, वहीत पाच आकडा ज्याला जास्त वेळा आला त्या तीन मागा.

मागायचं कसं, यावर माझं मत जरा आग्रही आहे. निदान आधी सांगू नका, काम आधी सांगा. 'मला ऑटिझम आहे' म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे सिनेमातलं कुणीतरी येतं आणि उरलेला अर्धा तास तुम्ही 'पण तुम्ही तर तशा वाटत नाही' याला उत्तर देण्यात घालवता. त्याऐवजी लेखी, चार ओळी: 'सर, गर्दीच्या काउंटरवर सलग काम केल्यावर दुपारनंतर माझ्या नोंदींत चुका व्हायला लागल्या आहेत. फायलींच्या कामात माझी नोंद चांगली आहे. १ ते ७ तारखेला मला कर्ज विभागाचं काम द्यावं आणि टेबल आतल्या बाजूला हलवावं, ही विनंती. दोन महिन्यांनी आपण आढावा घेऊ.' ब्रँच मॅनेजरला यात शाखेचा फायदा दिसतो. एवढ्यावर भागलं तर निदान तुमच्यापाशीच राहू द्या.

भागलं नाही, किंवा बदली, रजा, वार्षिक शेरा पणाला लागला, तर मात्र निदानाच्या कागदासह लेखी अर्ज करा, तोंडी नको. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ज्या २१ दिव्यांगता दिल्या आहेत त्यांत ऑटिझम आहे. सरकारी आस्थापनेनं दिव्यांग कर्मचाऱ्याला कामात योग्य ते फेरफार करून द्यायचे, हे कलम २० सांगतं, आणि राष्ट्रीयीकृत बँक त्यात येते. त्याच कलमात आहे की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कुणाला काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. कलम २३ नुसार तुमच्या बँकेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. तो कोण, ते आधी शोधून ठेवा. बदल्यांबाबत केंद्राच्या कार्मिक विभागाचं ३१ मार्च २०१४ चं परिपत्रक आहे: दिव्यांग कर्मचाऱ्याला शक्यतो फिरत्या बदल्यांतून सूट द्यावी आणि जिथं त्याचं काम चांगलं होतंय तिथंच राहू द्यावं. तुमच्या बँकेच्या बदली धोरणात त्या धर्तीचं कलम काय आहे ते युनियनकडून मागवून घ्या.

'माझं ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही, मग मला हे मिळणार का?' असं तुम्ही विचारलंय. ४० टक्क्यांची अट आरक्षण आणि काही ठरावीक लाभांसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात सांगितलं की कामातले किंवा परीक्षेतले वाजवी फेरफार मिळण्याचा हक्क त्या टक्केवारीला बांधलेला नाही. तो खटला लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराचा होता, पण तत्त्व तुम्हालाही लागू पडतं. अर्जात या निकालाचं नाव जरूर घाला.

प्रमाणपत्र काढायचं असेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयाच्या बोर्डापुढे. ऑटिझमसाठी ४० प्रश्नांची 'इसा' ही भारतीय मोजपट्टी वापरली जात आली आहे. तिचे प्रश्न बरेचसे लहान मुलांच्या वागण्याचे आहेत, त्यामुळे नीट बोलणारी, साडी नेसून आलेली अधिकारी बाई त्यात कमी भरते. आईला किंवा थोरल्या बहिणीला सोबत न्या, शाळेची प्रगतिपुस्तकं शेऱ्यांसकट न्या, आणि त्या दिवशी तरी उसनं अवसान आणू नका. पण आत्ता, या अवस्थेत, ती खेप घालू नका. जरा सावरल्यावर.

घरचं. सासूबाईंना ऑटिझम समजावत बसू नका, ते नवऱ्याला करू द्या, आणि त्यांनी भाषण न देता एवढंच सांगावं: 'आई, ती घरी आल्यावर पाऊण तास बोलणार नाही. रागावलेली नसते.' बोलता येत नसलं की बोलायची जबरदस्ती करू नका, घरातल्या घरात मेसेज करा, त्यात कमीपणा नाही. कुकर तुम्ही घरी यायच्या आधी लागू दे. सहा महिने पोळ्यांना मावशी लावा, हळदीकुंकवाला जाऊ नका. आणि मुलीबद्दल तुम्ही अपराधी मनानं लिहिलंय की तिला वेळ देता येत नाही. ती ऑटिस्टिक आहे, तुम्हीही. अंधाऱ्या खोलीत दोघी शेजारी शेजारी, तिनं तिचे ठोकळे लावायचे, तुम्ही पडून राहायचं, हा वेळ तिच्या दृष्टीनं बहुधा उत्तम वेळ आहे.

किती दिवस लागतील? माझ्या पाहण्यात, कामातला खर्च खरोखर कमी झाल्यावर सहा महिने ते दीड वर्ष. गेलेल्या गोष्टी एकदम परत येत नाहीत, आधी येतात त्या छोट्या. त्या ड्राफ्ट्समनच्या आईनं एक दिवस फोन करून सांगितलं, 'आज आंघोळ करताना गुणगुणला.' तुमच्या बाबतीत मी त्या शालीकडे लक्ष ठेवीन. मधेच एखाद्या दिवशी एक ओळ विणून बघा, चुकली तर उसवून पॅटर्न मिटून ठेवा. ज्या दिवशी टाके न चुकता ओळ पुरी होईल त्या दिवसाची तारीख वहीत लिहा. त्याच सुमाराला चेहऱ्यावर थोडं तेज येईल, आणि शाखेत कुणीतरी म्हणेलच, 'मॅडम, आता बऱ्या दिसताय, उद्यापासून काउंटर घ्या.' त्यानंतर आणखी दोन महिने नाही म्हणा.